संभाजीनगरची पाणी योजना २७४० कोटींवर गेली, आता ८२२ कोटींचं कर्ज फेडणार कोण?

गारखेडेकर
नमस्कार मंडळी. पाणी किती दिवसांनी आलं, टँकरवाला कोण बरा, यावर इथे ढीगभर धागे आहेत, हा त्यातला नाही. मला फक्त पैशाचं बोलायचंय, कारण त्यावर कुणी धड बोलतच नाहीये.

आधी थोडी उजळणी, नवीन लोकांसाठी. २००६ च्या आसपास समांतर जलवाहिनीचं घोडं निघालं तेव्हा आकडा होता ३५९ कोटी. कागद फिरत फिरत तो ७९२ कोटींवर गेला, खासगी कंपनीशी २० वर्षांचा करार झाला, सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हातात दिला आणि २०१६ मध्ये मनपानं करार मोडला. जायकवाडीहून मोठी लाइन काही आली नाही, कोर्टकचेऱ्या तेवढ्या आल्या. मग २०१९ ला नवी योजना, १६८० कोटींची. डिसेंबर २०२० ला भूमिपूजन, तीन वर्षांत पाणी देणार म्हणाले. पुढे ती केंद्राच्या अमृत २.० योजनेत टाकली आणि आकडा झाला २७४० कोटी ७५ लाख.

इथपर्यंत सगळ्यांना माहितीये आणि यावरच सगळे शिव्या घालतात. पण पुढचं बघा. या २७४० ची वाटणी अशी आहे की केंद्र २५ टक्के, राज्य ४५ टक्के आणि मनपा ३० टक्के. मनपाचे ३० टक्के म्हणजे ८२२ कोटी २२ लाख. मनपाच्या तिजोरीत एवढे पैसे कधी नव्हतेच, म्हणून २०२५ मध्ये हुडकोकडून (शहरांच्या कामांना कर्ज देणारी सरकारी कंपनी) ८२२ कोटींचं कर्ज उचलायला राज्य सरकारनं मंजुरी दिली. बातमी आली, मार्ग मोकळा झाला म्हणून फटाके फुटले, संपलं.

आता मला कुणीतरी समजावून सांगा की याचा हप्ता कशातून जाणार आहे? पाणीपट्टी आपली २०२२ मध्ये वर्षाला ४०५० रुपयांवरून २०२५ रुपये केली, म्हणजे निम्मी. ती निम्मी झाली तेव्हा आपण सगळे खूश होतो, मी पण होतो, पेढे वाटायचेच बाकी होते. पण एका हातानं पट्टी निम्मी करायची आणि दुसऱ्या हातानं आठशे कोटींचं कर्ज काढायचं हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि अजून एक. योजना १६८० लाच राहिली असती आणि वाटणी हीच धरली, तर आपला हिस्सा ५०४ कोटी झाला असता. म्हणजे खर्च वाढल्यामुळे शहराच्या डोक्यावर जास्तीचे ३१८ कोटी आलेत. तो "सरकारचा खर्च" वाढलेला नाही, आपला वाढलाय.

पैठणगेट_७२
हुडकोचं कर्ज आहे ना, मग टीव्ही सेंटर हडकोवाल्यांनी फेडावं 😄

एन_सात_वाली
@पैठणगेट आमच्याकडे पाणी येत नाही म्हणून विनोद यायलेत सगळ्यांना.

मराठवाडा_माझा
औरंगाबादमध्ये कुठलीही योजना वेळेत झाल्याचं दाखवा आणि हजार रुपये बक्षीस घेऊन जा.

शहर_संभाजीनगर
@मराठवाडा_माझा आधी शहराचं नाव नीट लिहा.

धागापाल
नावावरून वाद इथे नको, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो आधीच कुलूपबंद केलाय. विषयावर बोला.

निवृत्त_अभियंता
मी या योजनेवर नव्हतो पण पाणीपुरवठ्याच्या कामांवर सगळी नोकरी गेली, म्हणून खर्च कसा वाढतो ते जरा सांगतो, राजकारण बाजूला ठेवून.

इस्टिमेट बनतं ते डीएसआरवर, म्हणजे त्या वर्षीच्या दरसूचीवर. ते तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, फेरटेंडर, वाटाघाटी असं करत वर्क ऑर्डरपर्यंत पोचेस्तोवर एक-दोन वर्षं सहज जातात आणि दर तोपर्यंत जुने झालेले असतात. इथे तर मधेच कोविड आला, पाठोपाठ २०२१-२२ मध्ये लोखंडाचे भाव कुठल्या कुठे गेले.

आता ही मुख्य लाइन बघा. २५०० मिलिमीटर व्यासाची आहे, म्हणजे आत माणूस हात वर करून सरळ चालत जाईल एवढी. लांबी ३९ किलोमीटरच्या आसपास, जायकवाडी ते नक्षत्रवाडी. पत्र्याची जाडी आपण १६ मिमी धरू, फक्त हिशेबासाठी. तर एका मीटरला जवळपास एक टन लोखंड लागतं. म्हणजे लाइनीला ३८-३९ हजार टन. टनामागे भाव नुसता २० हजारांनी वाढला तरी ७५-७८ कोटी गेले, आणि त्यात वेल्डिंग, आतलं अस्तर, बाहेरचं कोटिंग, वाहतूक काहीच धरलेलं नाही. मग जुलै २०२२ मध्ये सरकारी कामांवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झाला. हजार कोटींच्या कामावर ६० कोटी हे एका अधिसूचनेनं वाढले, त्यात ना ठेकेदाराचा दोष ना मनपाचा.

उशिराचं बोलायचं तर जायकवाडीचा जलाशय हे पक्षी अभयारण्य आहे, तिथे जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, बांधायची तर वन्यजीववाल्यांच्या परवानग्या लागतात. आणि जॅकवेल पाण्यात. कॉफर डॅम म्हणजे मातीचा बांध घालून आतलं पाणी उपसायचं आणि तळाशी खडक फोडायचा. धरण भरलं की बांधाबाहेर पाण्याचा दाब वाढतो, आत झिरपा सुरू होतो, पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. शेतकरी धरण भरलं म्हणून नारळ फोडतो आणि साइटवरचा इंजिनियर कपाळाला हात लावतो. वरून पैठण रोडचं चौपदरीकरण नेमकं त्याच वेळी निघालं, लाइन रस्त्याच्या खाली गेली की कडेला राहिली यावर दोन खात्यांचा जो घोळ झाला तो तुम्ही पेपरात वाचलाच असेल.

पण, आणि हे महत्त्वाचं आहे, १६८० वरून २७४० म्हणजे १०६० कोटींची वाढ आहे, ६३ टक्के. लोखंड, जीएसटी, भाववाढ कलम सगळं मिळून एवढं होत नाही. उरलेली वाढ दोनच कारणांनी होऊ शकते, एक तर कामाची व्याप्ती वाढली नाहीतर मूळ इस्टिमेटच तोकडं होतं. कुठलं किती, हे सुप्रमाच्या प्रस्तावात तक्त्यासकट लिहिलेलं असतं. तो तक्ता मागा. बाकी चर्चा हवेत आहे.

भीमनगर_भावसिंगपुरा
काका सुप्रमा म्हणजे?

निवृत्त_अभियंता
सुधारित प्रशासकीय मान्यता. खर्च वाढला की ती घ्यावी लागते. काही काही धरणांना चार-चार, पाच-पाच सुप्रमा झाल्यात या महाराष्ट्रात.

मराठवाडा_माझा
काका खरं सांगा, इस्टिमेट मुद्दाम कमी दाखवतात की नाही? कारण एकदम २७४० सांगितलं असतं तर मंत्रालयात फाइल दारातच अडली असती. १६८० सांगून आत घुसायचं, एकदा खड्डे खणले की मग कोण नाही म्हणतंय. घराचं बांधकाम काढलेल्या कुणालाही विचारा, ठेकेदार पहिल्या दिवशी कधीच खरा आकडा सांगत नाही.

निवृत्त_अभियंता
मुद्दाम म्हणायला पुरावा लागतो. पण "आधी मंजुरी तर घेऊ, पुढचं पुढे बघू" हे वाक्य मी मीटिंगांमध्ये भरपूर ऐकलंय, एवढं सांगतो. वितरण व्यवस्थेत हे हमखास होतं. जमिनीखाली काय आहे याचा सर्व्हे करायला पैसे आणि वेळ दोन्ही देत नाहीत, जुन्या नकाशावर रेघोट्या मारून किलोमीटर मोजतात, आणि जेसीबी लावला की खाली केबल, ड्रेनेज, खडक सगळं सापडतं. टाक्यांच्या जागांचंही तेच, कागदावर जागा मोकळी असते आणि प्रत्यक्षात तिथे देऊळ नाहीतर भाजी मार्केट.

सातारा_देवळाई_ताई
मला तांत्रिक कळत नाही पण आमच्या सोसायटीचा हिशेब माझ्याकडे असतो म्हणून लिहिते. २४ फ्लॅट. मनपाचा नळ नाही, बोअर मार्चमध्ये खोकायला लागतं. उन्हाळ्यात रोजचा एक टँकर, दहा हजार लिटरचा, मागच्या उन्हाळ्यात दीड हजारला पडत होता. महिन्याचे ४५ हजार. म्हणजे एका फ्लॅटला महिन्याला १८७५ रुपये नुसते टँकरचे. तुम्ही लोक वर्षाच्या २०२५ वर भांडताय, आम्ही तेवढे जवळजवळ महिन्यात देतो. आणि ते पाणी कुठल्या विहिरीचं असतं देव जाणे, एकदा टाकी धुतली तर खाली बोटभर गाळ. टँकरवाल्याला फोन केला तर म्हणे ताई घ्यायचं तर घ्या नाहीतर पुढची सोसायटी थांबलीय. उद्या सहकुटुंब गावी जायचं असलं तरी टँकरची पाळी कुणाची हे आधी ठरवावं लागतं, वॉचमनच्या भरवशावर सोडलं की अर्धा टँकर शेजारच्या टाकीत.

मला वर्षाला दहा हजार पट्टी लावा, मी आनंदानं भरते. पण पाणी आधी.

किराडपुरा_भाई
ताई तुमचं बरोबर आहे पण सगळे फ्लॅटवाले नाहीत. आमच्या गल्लीत दोन खोल्यांत सात माणसं राहतात, हातावर पोट. ४०५० होती तेव्हा अर्ध्या गल्लीची थकबाकी होती, त्यावर व्याज, त्यावर नोटीस. आणि अर्ध्या इंचाच्या नळाला सगळ्यांना एकच पट्टी आहे. त्याला पण २०२५ आणि ज्याच्या बंगल्यात लॉन आहे, दोन गाड्या रोज धुतात, त्याला पण २०२५. हा कुठला न्याय? कर्ज फेडायला पट्टी वाढवणार असाल तर आधी मीटर लावा आणि जो जास्त वापरेल त्याच्याकडून जास्त घ्या. नुसती सरसकट वाढ केली तर रस्त्यावर उतरू आम्ही.

एन_सात_वाली
मीटरला माझा पण पाठिंबा पण पाणी आठ दिवसांनी येत असताना मीटर म्हणजे नुसती हवा मोजेल. पाणी सुटलं की पहिली पाच मिनिटं नळातून फुसफुस हवाच येते, त्याचं पण बिल येणार 😡

हिशेबनीस
सीए आहे, वॉटर वगैरेतलं कळत नाही, पण आकडे मांडून बघितले. व्याजदर आणि मुदत मी धरलेली आहे, करारात वेगळी असू शकते. ८२२ कोटी, ९ टक्के, १५ वर्षं, समान हप्ते. वर्षाचा हप्ता येतो १०२ कोटी. १५ वर्षांत एकूण १५३० कोटी, म्हणजे मुद्दलाच्या जवळपास दुप्पट.

आता पट्टीची बाजू. अधिकृत नळ ढोबळ दीड लाख धरा, आणि समजा एकूण एक माणसानं पट्टी भरली, जे या शहरात कधी झालेलं नाही. २०२५ गुणिले दीड लाख म्हणजे ३० कोटी. हप्ता १०२, जमा ३०. आणि ही ३० सुद्धा आजच्या लाइट बिलात, दुरुस्तीत, पगारात संपते, हप्त्याला त्यातला रुपया उरत नाही. नुसता हप्ता पट्टीतून काढायचा म्हटलं तर नळामागे वर्षाला ६८०० रुपये.

@गारखेडेकर, कशातून जाणार विचारलंत ना? बहुतेक शासनाकडून मनपाला दर महिन्याला जे जीएसटी अनुदान मिळतं त्यातून. पूर्वी जकात होती, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर), आता हे अनुदान. अशा कर्जात कर्ज देणारा एस्क्रो मागतो, म्हणजे पैसे मनपाच्या हातात पडायच्या आधीच हप्ता कापून जातो. मग त्या अनुदानातून होणारी बाकीची कामं, रस्ते, दिवे, घंटागाड्या, सफाई कामगारांचे पगार, त्याला कात्री. तुम्हाला पाणीपट्टीच्या बिलात काही दिसणारच नाही. फक्त गल्लीतला खड्डा बुजायचा थांबेल.

आणि अमृतमध्ये अजून एक मेख आहे जी कुणी सांगत नाही. केंद्राचा वाटा मंजूर आकड्यावर ठरतो, पुढे खर्च वाढला तर ती वाढ केंद्र देत नाही. म्हणजे २७४० च्या वर जे काही जाईल ते राज्यानं आणि मनपानं बघायचं. म्हणून उशीर हा नुसता गैरसोयीचा विषय नाहीये, उशिराचा प्रत्येक महिना आपल्या खात्यावर पडतोय.

निवृत्त_अभियंता
@हिशेबनीस उत्तम. यात अजून एक टाका, लाइट बिल. जायकवाडी पूर्ण भरलं तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४६४ मीटरच्या आसपास (जुने लोक १५२२ फूट म्हणतात), आणि शहर त्याच्या शंभर मीटर वर. म्हणजे प्रत्येक थेंब उचलून आणायचा. नवीन शुद्धीकरण केंद्र ३९२ एमएलडीचं, म्हणजे रोज ३९२ दशलक्ष लिटरचं आहे. घर्षण वगैरे धरून एकूण हेड (पाणी चढवायची उंची) १५० मीटर घेतलं, पंपांची कार्यक्षमता ७० टक्के, तर रोजचे सव्वादोन ते अडीच लाख युनिट. ८ रुपये युनिट धरा, वर्षाला ६५-७० कोटी. हे पूर्ण क्षमतेनं चालल्यावर, पहिल्या टप्प्यात कमी असेल. पण हे बिल १५ वर्षांनी संपत नाही, ते कायमचं.

गारखेडेकर
बापरे. म्हणजे हप्ता आणि वीज मिळून १७० कोटी, नळामागे ११ हजारांच्या वर. आणि आपण २०२५ भरतोय. आणि पुढच्या निवडणुकीत कुणीतरी ती पण माफ करतो म्हणेल.

शहर_संभाजीनगर
म्हणजे काय, योजना करायचीच नाही का? सगळे आकडे काढून घाबरवायचं चाललंय. वर्षानुवर्षं १२५-१३० एमएलडीवर कित्येक लाखांचं शहर चाललं, १९७५ ची ७०० मिमीची लाइन वापरत आलोय आपण, दर महिन्याला फुटायची. पाणी नाही म्हणून लोकं मुली देत नाहीत इकडे. पैशाचं होत राहील, सरकार आहे ना.

किराडपुरा_भाई
सरकार आहे ना 😂 समांतरच्या वेळी पण हेच म्हणायचे. तेव्हा करारात पट्टी दरवर्षी १० टक्के वाढवायची होती, ती मात्र बरोब्बर वाढत गेली, कंपनी गेली तरी वाढलेली पट्टी राहिली. पाणी जिथल्या तिथे.

रंकाळा_कट्टा
कोल्हापूरवरून लिहितोय, आमचं पण ऐका. आमची काळम्मावाडीची थेट पाईपलाईन, ४८८ कोटी, ५३ किलोमीटर. मंजुरी २०१३ च्या शेवटाला, अडीच वर्षांत पाणी येणार हुतं. आलं कधी, तर नोव्हेंबर २०२३ ला. दरवर्षी नेतेमंडळी म्हणायची यंदाच्या दिवाळीची आंघोळ थेट पाईपलाईनच्या पाण्यानं, आणि दरवर्षी आम्ही आपलं पंचगंगेच्याच पाण्यानं. शेवटी त्या दिवाळीला खरंच झाली आंघोळ, मोठा कार्यक्रम झाला.

पण आमचं आणि तुमचं एक वेगळं हाय. आमची योजना जुन्या केंद्राच्या स्कीममधली, ८० टक्के केंद्र, १० राज्य, १० मनपा. म्हणजे आमच्या मनपाला दहा टक्केच घालायचे होते आणि तेच गोळा करताना दमछाक झाली. तुम्हाला तीस. लय अवघड हाय भावांनो. आणि पाणी आल्यावर संपलं असं समजू नका, पंप बंद पडला, लाइन गळली, व्हॉल्व्ह उडाला, हे चालूच. देखभालीचा पैसा कुणी धरतच नाही.

हिशेबनीस
@रंकाळा_कट्टा बरोबर मुद्दा. समांतर पण त्याच ८०-१०-१० वाल्या स्कीममधून होती. म्हणजे आपण ८० टक्के केंद्राचे मिळत होते ती गाडी सोडली आणि २५ टक्क्यांच्या गाडीत बसलो. खासगी भागीदारीचा (पीपीपी) करार वाईट होता हे मान्य, पण तो मोडायची किंमत कुणी मांडली का कधी?

मराठवाडा_माझा
समांतरची बाजू घेऊ नका प्लीज. लोकांनी तीन वर्षं आंदोलनं केलीत त्याविरुद्ध.

हिशेबनीस
बाजू घेत नाहीये. किंमत विचारतोय.

खारघर_सेक्टर
नवी मुंबईतून. विषयाला धरून म्हणून आमच्या बाळगंगेची कथा. पेण तालुक्यात बाळगंगा नदीवर धरण, सिडकोच्या वसाहतींना पाणी मिळावं म्हणून. पैसे सिडकोचे, बांधणार कोकण पाटबंधारे महामंडळ. पाचशे कोटींच्या आतलं काम, सुरू झालं २००९ ला, आणि दोन-तीन वर्षांत आकडा १२२० कोटी. २०१५ मध्ये लाचलुचपतवाल्यांनी गुन्हा दाखल केला, सिंचन घोटाळ्यातल्या पहिल्या काही गुन्ह्यांपैकी. भिंत बऱ्यापैकी उभी राहिली आणि काम थांबलं. वरसई, जावळी, निफाड, करोटी ही बुडिताखाली जाणारी गावं अजून तिथेच आहेत, पुनर्वसन नीट झालेलं नाही म्हणून लोक उठायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. त्या गावांत घर दुरुस्त करायची पण चोरी, कारण बुडणार म्हणून कागदावर लिहिलंय, आणि बुडत पण नाही. जुनी कौलं गळतात, नवीन पत्रा टाकावा तर भरपाईत धरतील का नाही माहीत नाही. एक पिढी तशीच गेली. आम्ही इकडे खारघरला उन्हाळ्यात कमी दाबानं पाणी म्हणून बोंबलतो.

माझा मुद्दा असा की यात पैसे देणारा वेगळा आणि काम करून घेणारा वेगळा. सिडको म्हणणार आम्ही फक्त पैसे देतो, महामंडळ म्हणणार पैसे आमचे नाहीतच. खर्च वाढला तेव्हा दुखलं कुणालाच नाही. शेजारी नवी मुंबई मनपानं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं करून घेतलं, खर्च स्वतः उचलला, आज तिचा नळ बऱ्यापैकी चालतो. तुमच्याकडे पण मला वाटतं हेच आहे ना, काम जीवन प्राधिकरण करतंय आणि मनपा फक्त हिस्सा भरतेय?

निवृत्त_अभियंता
अगदी बरोबर पकडलंत. योजना राबवणारी यंत्रणा मजीप्रा, म्हणजे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. टेंडर त्यांचं, मोजमाप पुस्तिका त्यांची, बिलं तेच तपासणार. मनपा पूर्ण झाल्यावर ताब्यात घेणार आणि पुढची तीस वर्षं चालवणार. म्हणजे ज्याला चालवायचंय त्याचा बांधताना शब्द चालत नाही, आणि जो बांधतो त्याला चालवायचं नाही. हायकोर्टाच्या खंडपीठानं लक्ष घातलं, आढावे घेतले, म्हणून निदान तारखा तरी विचारल्या जातात. पण तिथे प्रश्न मुख्यतः काम कधी पूर्ण होणार हा, हप्ता कोण भरणार हा नाही.

भीमनगर_भावसिंगपुरा
कर्जाऐवजी रोखे का काढत नाहीत? पुणे मनपानं २०१७ मध्ये २०० कोटींचे काढले होते ना पाण्यासाठीच, साडेसात टक्क्यांच्या आसपास व्याज होतं.

हिशेबनीस
७.५९ टक्के. पण रोखे घेणारा आधी मनपाचा ताळेबंद बघतो. पुण्याची मालमत्ता कराची वसुली आणि आपली वसुली शेजारी ठेवून बघा, उत्तर मिळेल. आपल्याकडे बेकायदा नळ किती आहेत हेच नक्की नाही, मग उत्पन्न काय दाखवणार? खरं तर कर्जापेक्षा आधी हे काम आहे. बेकायदा नळ दंड भरून नियमित केले आणि उद्योग, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांचे नळ नीट मोजले, तर घरगुती पट्टीवरचा भार बराच कमी होतो. ११ हजार हा आकडा सगळं ओझं फक्त दीड लाख प्रामाणिक घरांवर टाकलं तर आहे.

सातारा_देवळाई_ताई
मंगल कार्यालयं म्हणालात म्हणून. आमच्या मागच्या कार्यालयात लग्नाच्या दिवशी सहा सहा टँकर रिकामे होतात. त्यांचा नळ अर्धा इंचच आहे, मी बघितलाय.

एन_सात_वाली
उद्योगांचं सोडा, त्यांना एमआयडीसीची वेगळी लाइन आहे जायकवाडीवरून, त्यांना रोज पाणी. तेच धरण, तेच पैठण. त्यांच्याकडे रोज येतं कारण ते मीटरवर बिल भरतात आणि एमआयडीसी ते वसूल करते. एवढं साधं आहे.

पैठणगेट_७२
अजून कुणी नहर-ए-अंबरी, मलिक अंबरची जुनी पाणी योजना, कशी काढली नाही? पाण्याच्या धाग्यात मलिक अंबर आल्याशिवाय धागा पूर्ण होत नाही.

गारखेडेकर
मलिक अंबरनं हुडकोचं कर्ज घेतलं नव्हतं, पैठणगेट.

बरं, कामाचं बोलू. मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचं ठरवलंय. काय काय मागू? मला सुचलेलं, कर्जाचा व्याजदर आणि मुदत, हप्ता कुठल्या खात्यातून जाणार, सुप्रमाचा तक्ता, आणि पुढच्या दहा वर्षांत पट्टी किती होणार याचा मनपाकडे काही आराखडा आहे का.

निवृत्त_अभियंता
एका अर्जात एवढं कोंबू नका. आपल्या राज्याच्या नियमात एक विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे, त्याच कारणानं परत पाठवतील. दोन अर्ज करा. सुप्रमाचा मजीप्राकडे, कारण मनपा म्हणेल आमच्याकडे नाही. तिथे "१६८० कोटी व २७४० कोटी यांचा बाबनिहाय तुलनात्मक तक्ता" असेच शब्द लिहा. "खर्च का वाढला" असं विचारू नका, "का" ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा, कारण नको.

हिशेबनीस
आणि मनपाच्या लेखा विभागाला दुसरा. "कर्ज करारनाम्याची प्रत, परतफेडीचे वेळापत्रक आणि एस्क्रो करार असल्यास त्याची प्रत." आराखड्याचा प्रश्न वेगळा तिसरा अर्ज करून टाका, त्याचं उत्तर "माहिती उपलब्ध नाही" असं आलं तरी ते लेखी असेल, आणि पट्टीवाढीचा विषय सर्वसाधारण सभेत येईल तेव्हा तोच कागद नाचवता येतो.

किराडपुरा_भाई
मी पण एक टाकतो माझ्या नावानं, एकाच माणसाचे अर्ज असले की नंबर लक्षात ठेवतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा ना?

निवृत्त_अभियंता
हो, दहाचा. आणि आवक विभागात दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका, ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचेत.

सातारा_देवळाई_ताई
मंगल कार्यालयांच्या नळांचा अर्ज मी करते. कुठल्या विभागाला द्यायचा, पाणीपुरवठा की वॉर्ड ऑफिस?

निवृत्त_अभियंता
पाणीपुरवठा विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला, तुमच्या झोनचं नाव घालून. कार्यालयनिहाय नळाचा व्यास आणि शेवटचं बिल, एवढंच मागा.